तळपदे, राईट बंधू आणि आठवीतल्या मुलीचा प्रश्न

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातील एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांचे विज्ञान मंडळ चालवतो. यंदाच्या प्रदर्शनासाठी मुलांनी ‘जमिनीवरून आकाशात’ हा विषय निवडला आहे. पतंगापासून चांद्रयानापर्यंतचा प्रवास वर्गाच्या चार भिंतींवर मांडायचा, असे ठरले आहे. तीन भिंतींचे काम सुरळीत चालू आहे, पण पहिल्या भिंतीवर गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

एका गटाने शिवकर बापूजी तळपदे यांचा तक्ता करून आणला. त्यावर ‘१८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपदे यांनी मारुतसखा हे जगातील पहिले विमान १५०० फूट उंच उडवले’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. शेजारी राईट बंधूंचा तक्ता रंगवत बसलेल्या आठवीतल्या मुलीने ते वाचले आणि ब्रश तसाच हातात धरून मला विचारले, ‘‘सर, यांच्या विमानाचा उडतानाचा फोटो आहे. त्यांच्या विमानाचा कुठे आहे?’’ त्या काळी आपल्याकडे कॅमेरे कमी होते, असे काहीतरी मी सांगून टाकले. ते उत्तर लंगडे आहे, हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आले, कारण १८९५ सालच्या मुंबईत छायाचित्रकारांची चांगली दुकाने होती. मुलगी काही बोलली नाही, पण तिला ते पटलेले नव्हते.

आता माझ्यापुढचा पेच असा आहे. तक्ता काढायला लावला तर तो करणारी चार मुले हिरमुसतील आणि गावातील काही मंडळी रागावतील. राहू दिला तर जिने नेमका प्रश्न विचारला तिलाच मी गप्प बसायला शिकवल्यासारखे होईल. मुलांना आकाशाची ओढ लागावी यासाठी हा सगळा खटाटोप आहे. त्या ओढीसाठी अशी गोष्ट चालवून घ्यावी का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

कोकणकडा

सर, तक्ता अजिबात काढू नका. आपल्या माणसाने काही केले म्हटले की लगेच पुरावा मागायचा आणि परदेशातील माणसाचे नाव पाठ्यपुस्तकात छापून आले की मान डोलवायची, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. तळपदे हे काल्पनिक पात्र नव्हे. ते मुंबईचे, सर जे. जे. कलाशाळेशी संबंधित असलेले, संस्कृत ग्रंथांचा नाद असलेले गृहस्थ होते. पारतंत्र्यात एका हिंदी माणसाच्या प्रयोगाची दखल कोण घेणार होते? मी स्वतः पाचवीत असताना ही गोष्ट ऐकली आणि वर्षभर कागदाची विमाने करत होतो. माझ्या पिढीतल्या अनेकांना विमानाचे वेड याच गोष्टीने लावले. ते वेड खोटे होते, असे कोणी म्हणू शकेल का?

इंजिनघर

कोकणकडा, आपले वेड खरेच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी तीस वर्षे विमानांच्या देखभालीत काढली आणि त्या वेडाची किंमत मला माहीत आहे. मात्र विमान उडते कसे हे ज्याला पोटापाण्यासाठी दररोज तपासावे लागले, त्याच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली गोष्ट विमानाबद्दलच्या त्या ग्रंथाची, ज्याचा आधार तळपद्यांच्या कथेला नेहमी दिला जातो. ‘वैमानिक शास्त्र’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९७४ साली तो प्रसिद्ध केला. ही मंडळी विमानविद्येचीच होती आणि त्यांनी ग्रंथाची टिंगल न करता भाषा, छंद, आकृत्या आणि गणित असे सगळे तपासले. तो मजकूर प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभी सुब्बराय शास्त्री यांनी सांगून लिहवून घेतलेला आहे, त्यातील आकृत्या बंगळूरच्या एका आरेखकाने काढलेल्या आहेत आणि त्या आकृत्यांवरून बांधलेले कोणतेही यान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८९५ सालचे विमान त्या ग्रंथावरून बांधले, असे म्हणणाऱ्याने निदान सनावळी तरी एकदा जुळवून पाहावी.

दुसरी गोष्ट पाऱ्याच्या इंजिनाची. मारुतसखा पाऱ्याच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांवर, चालत होते, असे हल्ली सांगितले जाते. पाऱ्याच्या आयनांवर चालणारे इंजिन खरोखरच अस्तित्वात आहे. अमेरिकेने ते १९६४ साली अवकाशात चालवून दाखवले. पण त्या इंजिनाचा रेटा वहीचा एखादा कागद तोलून धरण्याइतकाच जेमतेम असतो. निर्वात अवकाशात तो महिनोन्‌महिने चालू ठेवता येतो, म्हणून उपयोगी पडतो. चौपाटीच्या वाळूवरून त्याच्या जोरावर नारळाची करवंटीसुद्धा उचलली जाणार नाही. वजन, रेटा, उचल आणि रोध ही चार बळे मुलांना शिकवायची असतील, तर हाच दावा गणिताला घाला. मुले दहा मिनिटांत उत्तर काढतील आणि ते काढताना त्यांना जी मजा येईल ती पाहण्यासारखी असेल.

मीठभाकर

विषयांतर वाटेल, पण पालक म्हणून विचारते. या प्रदर्शनातून मुलांच्या हाती नेमके काय लागते? आमच्या मुलाच्या शाळेत मागच्या वर्षी अग्निबाणाची थर्माकोलची प्रतिकृती ठेवली होती. ती बाजारातून आणलेली होती, तिच्यासोबत सगळ्यांनी फोटो काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती कपाटावर गेली. ‘प्रेरणा’ हा शब्द भाषणांतून ऐकून ऐकून कान किटले आहेत.

इंजिनघर

मीठभाकर ताई, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला राईट बंधूंच्या त्या भागात सापडते जो तक्त्यांवर कधीच येत नाही. तक्त्यावर १७ डिसेंबर १९०३ ही तारीख, बारा सेकंद आणि १२० फूट एवढेच येते. खरी गोष्ट त्याच्या दोन वर्षे आधीची आहे.

१९०१ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर नवे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, नेले. त्याचे गणित त्यांनी त्या काळच्या सर्वमान्य कोष्टकांवरून केले होते. ओटो लिलिएंथाल या जर्मन अभियंत्याने हजारो वेळा टेकडीवरून झेपावून, शेवटी १८९६ साली त्यातच प्राण गमावून, मागे ठेवलेली ती आकडेवारी होती. तिच्याबद्दल शंका कोण घेणार? पण ग्लायडरला मिळणारी उचल हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश भरली. दोघे भाऊ खिन्न होऊन डेटन या आपल्या गावी परतले. या ठिकाणी बहुतेक माणसे आपल्या हस्तकौशल्याला दोष देतात किंवा नाद सोडतात. यांनी कोष्टकालाच प्रश्न विचारला.

सायकलचे दुकान चालवणारी माणसे ती, म्हणून पहिले साधनही सायकलच होते. हँडलवर त्यांनी एक मोकळे फिरणारे तिसरे चाक आडवे बसवले, त्यावर एक वक्र पट्टी आणि एक सपाट पट्टी लावली आणि वाऱ्याचा झोत निर्माण व्हावा म्हणून गावातल्या रस्त्यावर जोरजोरात सायकल हाणली. चाक ज्या बाजूला फिरेल त्यावरून कोणती पट्टी अधिक जोर लावते ते कळे. एवढ्याने कोष्टकात गडबड आहे हे समजले, पण किती आहे हे समजेना. मग त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत सायकलच्या आऱ्यांची तार आणि करवतीची जुनी पाती वापरून तराजू बसवला. या घरगुती वातविवरात त्यांनी पत्र्याचे दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले. दोष निघाला तो मुख्यतः लिलिएंथालच्या कामात नव्हता. स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने अठराव्या शतकापासून चालत आलेला हवेच्या दाबाचा ०.००५ हा गुणांक प्रत्यक्षात ०.००३३ च्या आसपास होता. शंभर वर्षांहून अधिक काळ सगळे तो आकडा एकमेकांच्या पुस्तकांतून उतरवून घेत होते.

आता सांगा, यातील कोणती वस्तू तालुक्याच्या गावात मिळत नाही? खोक्याच्या एका टोकाला टेबलफॅन ठेवा. फॅनचा वारा गरगरत येतो, म्हणून मध्ये शीतपेयाच्या नळ्यांची जुडी बसवा, म्हणजे तो सरळ होईल. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर एका उभ्या काडीवर पुठ्ठ्याचा पंख बसवा. पंखाचे नाक थोडे वर केले की काट्यावरचे वजन कमी दिसेल. कोन वाढवत न्या. एका मर्यादेपर्यंत वजन आणखी घटत जाईल आणि मग अचानक परत वाढेल. वैमानिक ज्याला ‘स्टॉल’ म्हणतात, म्हणजे पंखाची उचल एकाएकी कोसळणे, तो मुलांना काट्यावर दिसेल. आकडे मात्र मुलांनीच लिहावेत, मास्तरांनी नव्हे.

अटकेपार

मी गेली अनेक वर्षे ओहायोत डेटनजवळ राहतो, त्यामुळे या गप्पा माझ्या अंगणातल्याच आहेत. कोकणकडा यांच्या एका मुद्द्यावर लिहितो. ‘परदेशातील माणसाला कोणी पुरावा मागत नाही’ हे खरे नाही. राईट बंधूंना त्यांच्याच देशाने वर्षानुवर्षे छळले आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपले माजी प्रमुख लँग्ली यांच्या विमानाला उड्डाणक्षम असे पहिले विमान ठरवले होते. चिडलेल्या ऑर्व्हिलने १९२८ साली आपले मूळ विमान थेट लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला पाठवून दिले आणि ते स्वदेशी परतायला १९४८ साल उजाडले. तोवर ऑर्व्हिल हयात नव्हता. ब्राझीलमध्ये आजही पहिल्या विमानाचे श्रेय सांतोस द्युमाँ यांना देतात. आणि कनेटिकट राज्याला तर त्यांचा स्वतःचा तळपदे आहे! गुस्ताव्ह व्हाइटहेड नावाच्या गृहस्थाने १९०१ सालीच उड्डाण केले, असे तेथील विधिमंडळाने २०१३ साली चक्क कायद्यात लिहून टाकले. त्यांच्याही उड्डाणाचे खात्रीलायक छायाचित्र नाही. अभिमानाने डोळे झाकणे हा काही केवळ आपला दोष नव्हे, एवढाच दिलासा.

पुराव्याबद्दल मात्र एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. १७ डिसेंबरचे ते प्रसिद्ध छायाचित्र जवळच्या किनारा-बचाव केंद्रातील जॉन डॅनियल्स या माणसाने काढले आणि त्याने त्याआधी कॅमेरा हाताळलेलासुद्धा नव्हता. त्याच दिवशी वडिलांना तार गेली, तीत त्या दिवसाच्या सर्वांत लांब उड्डाणाच्या ५९ सेकंदांचे चुकून ५७ सेकंद झाले. पुढे १९०४ साली आमच्या इथल्या हफमन कुरणावर विमान पहिल्यांदा पूर्ण वर्तुळात फिरले, तेव्हा त्याचा डोळ्यांदेखतचा सविस्तर वृत्तान्त एका मधमाशीपालनाच्या मासिकात छापून आला! मोठी वर्तमानपत्रे गप्प होती, पण मधाच्या पेट्या विकणारा एक म्हातारा ते पाहायला मुद्दाम आला होता आणि त्याने पाहिले ते लिहून ठेवले. दखल घेणारे कोणी नव्हते म्हणून पुरावा उरला नाही, असे म्हणताना मला नेहमी तो मधवाला आठवतो.

खडूफळा

मधमाश्यांच्या मासिकाची गोष्ट मी आजच वर्गात सांगितली. मुलांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग तळपद्यांच्या वेळी चौपाटीवर भेळवाला तरी असेलच ना?’’ या मुलांपुढे मास्तरकी करणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

दुर्बीणवाला

चौथ्या भिंतीसाठी थोडे सुचवतो. चांद्रयानाच्या तक्त्यावर बहुधा २३ ऑगस्ट २०२३ हा दिवस आणि टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ असतील. तेवढेच ठेवू नका. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे उतरणारे यान चंद्रापासून सुमारे दोन किलोमीटरांवर असताना संपर्क तुटला, त्यासाठी निम्मी भिंत द्या. पाच इंजिनांचा रेटा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, वेग कमी करतानाच्या चुका साचत गेल्या, यानाला वळायचे होते पण वळण्याच्या वेगावर आज्ञावलीनेच मर्यादा घातली होती आणि उतरण्यासाठी नेमलेली जागा अवघी ५०० मीटर लांब-रुंद होती. पुढच्या वेळी मधले पाचवे इंजिन काढून टाकले, पाय भक्कम केले, इंधन वाढवले आणि उतरण्याची जागा ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर एवढी ऐसपैस घेतली. ‘काय काय बरोबर चालेल’ याऐवजी ‘काय काय बिघडेल’ अशी यादी करून आखणी केली, असे इस्रोच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितले होते. दोन्ही यानांची चित्रे शेजारी लावा आणि फरक ओळखायला सांगा. वर्तमानपत्रातील रविवारच्या कोड्यासारखी मुले त्यावर तुटून पडतील.

शिवाय जमल्यास २८ फेब्रुवारीला मुलांना नारायणगावजवळ खोडदला न्या. तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनानिमित्त लोकांना पाहायला खुली असते आणि ग्रामीण शाळांचे प्रदर्शनही भरते. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एवढी मोठी तबकडी भरीव नसून तारेच्या विरळ जाळीची आहे, हे पाहून चक्रावलो होतो. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असल्यामुळे त्यांना ती जाळी आरशासारखीच वाटते, पण वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. द्राक्षाच्या बागा, उसाचे फड आणि मधूनच आकाशाकडे तोंड करून उभी असलेली ती जाळी, हे दृश्य मुलांच्या मनातून जात नाही.

सोलापुरी

अभिमानासाठीच नाव हवे असेल तर आमच्या सोलापूरच्या मातीतले वालचंद हिराचंद घ्या. महायुद्ध सुरू असताना या देशात विमाने बांधता येतील हा हट्ट धरून त्यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेतले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच; नाशिकजवळ ओझरला तिचाच विमान कारखाना आहे. यासाठी कोणाला साक्षीपुरावे शोधत फिरावे लागत नाही.

मीठभाकर

मुलींच्या बाजूनेही एक नाव सुचवते. कॅप्टन सौदामिनी देशमुख. वैमानिकापासून सगळ्या महिलाच असलेले भारतातील पहिले प्रवासी उड्डाण १९८५ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली कलकत्त्याहून सिल्चरला गेले. आणि हो, इंजिनघर काकांनी सांगितलेला खोक्याचा प्रयोग आम्ही घरी केला. वजनकाटा माझा असल्यामुळे दोन दिवस करंज्यांचे सारण अंदाजानेच केले. पंधरा अंशांच्या पुढे गेल्यावर काट्याने खरोखरच पलटी खाल्ली, तेव्हा मुलगा ‘स्टॉल, स्टॉल’ म्हणून ओरडला. कपाटावरच्या थर्माकोलबद्दलची माझी तक्रार तूर्तास मागे घेते.

कोकणकडा

मी सगळे प्रतिसाद वाचले. पाऱ्याचे इंजिन आणि ग्रंथाची सनावळ हे दोन मुद्दे मला मान्य करावे लागत आहेत. मी ते कधी तपासले नव्हते. तरीही तळपद्यांना भिंतीवरून पुसून टाकावे असे मला वाटत नाही. लिलिएंथाल जर्मनीत टेकड्यांवरून उड्या घेत होता, त्याच काळात मुंबईतील एका कलाशाळेच्या माणसाला उडण्याचे स्वप्न पडत होते आणि त्याने त्यापायी काहीतरी खटपट केली होती, एवढे तरी मुलांना कळायला हवे. ते उडाले असे लिहू नका. पण ते नव्हतेच असेही लिहू नका.

इंजिनघर

याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे.

खडूफळा

प्रदर्शन परवा पार पडले, म्हणून हा शेवटचा वृत्तान्त.

पहिली भिंत कशी मांडायची हे अखेरीस मुलांनीच ठरवले. तळपद्यांचा तक्ता राहिला, पण वरचे वाक्य बदलले. तक्त्याचे दोन रकाने केले, ‘लोक काय सांगतात’ आणि ‘आपल्या हाती काय आहे’. राईट बंधूंच्या तक्त्यालाही तेच दोन रकाने दिले, कारण त्यांना एक न्याय आणि यांना दुसरा असे चालणार नाही, असे त्या आठवीतल्या मुलीचे म्हणणे पडले. त्यांच्या दुसऱ्या रकान्यात छायाचित्र, चुकलेली तार, मधमाश्यांचे मासिक आणि वातविवराचे आकडे आले. तळपद्यांचा दुसरा रकाना जवळपास कोराच होता. तेथे सुतळीने एक पेन्सिल बांधून ‘आपल्याला काही ठाऊक असल्यास लिहावे’ अशी सूचना लावली होती.

खोक्याच्या वातविवरापुढे दिवसभर रांग होती. आमच्या मुलांचा पंख मीठभाकर ताईंच्या मुलासारखा पंधरा अंशांवर न पडता बारा अंशांवरच पडला. आपला पुठ्ठा वाकडा आहे की त्यांचा कोनमापक, यावर दोन गटांत अजून वाद चालू आहे आणि ताईंनी आपल्या खोक्याची मापे कळवावीत, अशी मुलांची विनंती आहे.

संध्याकाळी तक्ते उतरवताना तळपद्यांच्या कोऱ्या रकान्यात कोणा वडीलधाऱ्या माणसाच्या वळणदार अक्षरात एक ओळ सापडली, ‘हे उड्डाण खरे आहे, माझ्या आजोबांनी सांगितले होते.’ तिच्याखाली त्याच पेन्सिलीने, पण शाळकरी अक्षरात लिहिले होते, ‘आजोबा तेव्हा चौपाटीवर होते का? कृपया कळवावे.’